धंदा काढताय? आधी उधारीचा हिशोब मांडा

सोलापुरात शेंगा चटणी, कडक भाकरी असा घरगुती धंदा काढायचा असेल, तर मशिनच्या किमतीआधी खेळत्या भांडवलाकडे बघा. शेंगदाणे रोखीनं घ्यावे लागतात, दुकानदार मात्र "माल खपला की बघू" म्हणतो. तीन महिन्यांचा कच्चा माल, भाडं, वीजबिल आणि घरखर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

भाव ठरवताना दाणे भाजून, सालं पाखडून वजन घटतं तेही धरा. शिवाय पाकीट, लेबल, रिक्षाभाडं आणि स्वतःची मजुरी. ही मजुरी तर घरच्या बायका हमखास सोडून देतात!

छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून माल पोचल्याची सही घ्याच. खाण्याचा पदार्थ असल्यानं एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही लागते.

आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला खप बघून मोठं मशीन घेऊ नका. आधी पावसाळ्यातली विक्री बघा.