उन्हाळ्यात ऑफ-रोड गाडीचं इंजिन थंड ठेवायचं तर: कुलंट वेटर कधी, किती आणि कसं टाकायचं

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. अशा उन्हात बालाघाटच्या डोंगरात गाडी लो गिअरमध्ये चढवली की इंजिन पूर्ण जोर लावतं, पण वेग असतो ताशी ८-१० किलोमीटर. समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. तापमानाचा काटा चढतो तो इथे, आणि कुलंट वेटरचा, म्हणजे रेडिएटरच्या कुलंटमध्ये थोडं मिसळायच्या द्रव्याचा, उपयोगही इथेच कळतो.

हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग) एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, आसपासचा धातू इतका तापतो की त्याला लागलेलं कुलंट जागच्या जागी उकळतं. बारीक बुडबुडे पटकन सुटले तर चांगलंच, पण ते चिकटून राहिले की वाफेचा थर बसतो आणि त्यातून उष्णता पुढे जात नाही. वेटर पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे बुडबुडे लवकर सुटतात. फरक पडतो तो थोड्याच अंशांचा, तोही इंजिनवर लोड असताना. सपाट डांबरी रस्त्यावर काटा होता तिथेच राहील, कारण तिथलं तापमान थर्मोस्टॅट (कुलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) ठरवतो आणि तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो.

म्हणून वेटर सगळ्यात शेवटी. आधी रेडिएटरची जाळी बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत टॉर्च मारली की कापसाचे तंतू, गाजरगवताचं बी, किड्यांचे पंख आणि काळ्या मातीची धूळ यांचा नमद्यासारखा थर दिसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून तो राहून जातो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स (जाळीचे पातळ पत्रे) वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

दुसरा शत्रू बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअर बहुतेक ठिकाणी जड. त्यातला क्षार तापल्यावर इंजिनच्या आतल्या भिंतींवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्यावर कितीही वेटर ओता, उपयोग शून्य. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणीच वापरा.

आता प्रमाण. नुसतं पाणी उष्णता कुलंटपेक्षा चांगली वाहून नेतं, पण गंज धरतं आणि लवकर उकळतं. ५०:५० मिश्रण बर्फाच्या प्रदेशासाठी ठीक. आपल्याकडे रेडिएटर गोठत नाही, त्यामुळे १ भाग कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेल्या) कुलंटला २ भाग पाणी पुरतं. त्याखाली जाऊ नका, गंजरोधक अपुरं पडतं. वेटरचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं, लिटरमागे साधारण ३० ते ५० मिली. बाटलीवरचा आकडा पाळा. सिस्टीम ९ लिटरची असेल तर ३ लिटर कुलंट, जवळपास ६ लिटर पाणी आणि ३० च्या हिशेबाने २७० मिली वेटर. जास्त टाकून जास्त थंड होत नाही, उलट फेस होतो.

काम रात्रभर थंड झालेल्या गाडीवर करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून खालचा ड्रेन उघडा. जुनं कुलंट घमेल्यात धरा आणि लगेच झाका: ते गोड असतं आणि विषारी, कुत्री-वासरं चाटतात. गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. मग पाण्यासोबत फ्लश (आतला मळ धुणारं औषध) टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि शेवटची धुणी डिस्टिल्डची. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, तो नको.

भरताना बहुतेकांचं चुकतं. ड्रेन उघडला तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं. बाहेर मिश्रण करून ओतलं तर ते मावत नाही आणि आतलं प्रमाण पातळ होतं. म्हणून आधी पूर्ण ३ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वेटर, आणि उरलेली जागा डिस्टिल्डने. रेडी-मिक्स कुलंट, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, या कामाला चालत नाही. टोपण उघडं ठेवून इंजिन चालवा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. हवा आत अडकली तर काटा अचानक उडतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर लेव्हल परत बघा.

टोपणाचं रबर कडक झालं असेल तर टोपण बदला, त्याच दाबाचं घ्या. दाब टिकला तरच उकळबिंदू १०० च्या बराच वर राहतो. हिरवं आणि गुलाबी कुलंट एकत्र करू नका, साका धरू शकतो. लीक बंद करणारी पावडर मुक्कामाला पोचण्यापुरती ठीक, नंतर ती हीटरच्या बारीक नळ्या बुजवते. वेट लायनरच्या (ज्यात सिलेंडरच्या नळीला बाहेरून थेट कुलंट लागतं) जुन्या डिझेल इंजिनला लायनर खड्डे धरू नयेत म्हणून वेगळं ॲडिटिव्ह लागतं. कंपनीने ते सांगितलं असेल तर तेच टाका, वेटर त्याची जागा घेत नाही. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला ऐकू नका: इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं.

इतकं करूनही काटा लाल पट्ट्याकडे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. काटा उतरला नाही किंवा पाणी गळताना दिसलं तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. टोपणालाही हात लावू नका. थंड झाल्यावर टोपण काढून इंजिन चालू करा. हवा काढलेली असूनही बुडबुडे सतत येत असतील तर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर बाटलीतलं कुठलंच औषध चालत नाही.