पायथनमधून जावास्क्रिप्टला डेटा पाठवताय? मोठे आयडी स्ट्रिंग करून पाठवा

पायथनचा ऑब्जेक्ट जेसन (JSON, डेटा देवाणघेवाणीचा मजकुरी फॉरमॅट) करून जावास्क्रिप्टकडे पाठवला की एरर काहीच येत नाही, पण मोठ्या आयडीचा शेवटचा आकडा गुपचूप बदलतो. पायथनमधून ९००७१९९२५४७४०९९३ निघाला तर ब्राउझरमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ दिसतो, आणि मग रेकॉर्ड सापडत नाही म्हणून आपण डेटाबेस उचकत बसतो, माझी अख्खी दुपार यात गेली.

तर असं करा:

१. आयडी, खाते नंबर, ज्यांची बेरीज-वजाबाकी करायचीच नाही ते सगळे पाठवतानाच स्ट्रिंग (म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर) करा. समोर आल्यावर स्ट्रिंग करून उपयोग नाही, तोपर्यंत आकडा बदललेला असतो.

२. पैसे फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) नकोत. १२५.५० रुपये असतील तर १२५५० पैसे असा पूर्णांक पाठवा.

३. तारीख आयएसओ ८६०१ फॉरमॅटमध्ये, आणि शेवटी +०५:३० लावाच, नाहीतर समोरचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असला की साडेपाच तासांचा घोळ ठरलेला.

४. पायथनचा सेट (संच) असेल तर आधी लिस्ट करा, जेसनला सेट कळत नाही.

एक सांभाळा, डेटात कुठे नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही' असं मूल्य) असेल तर पायथन तो बिनधास्त तसाच लिहून टाकतं आणि जावास्क्रिप्टचा पार्सर तिथेच अडतो, अख्खी फाइल वाचली जात नाही. म्हणून जेसन बनवताना 'अलाऊ नॅन' (allow_nan) फॉल्स ठेवा, म्हणजे चूक आपल्याच बाजूला लगेच दिसते. नॅनच्या जागी नन (None, पायथनचं रिकामं मूल्य) टाकलं की पलीकडे ते नल (null) म्हणून नीट पोचतं.