तिघांचेही बाण डावीकडे जायचे, ते असं सुटलं

कॉलेजनंतर सुटलेली धनुर्विद्या घरच्यांसोबत परत सुरू केली, साधे लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली धनुष्यं), ना साइट (नेम धरायची खूण) ना स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा). पण माझे, बायकोचे, लेकीचे सगळेच बाण डावीकडे आणि शेपूट हलवत जायचे (आम्ही तिघंही उजव्या हाताचे). जो तो म्हणे रिलीज, म्हणजे दोरी सोडायची पद्धत, सुधारा, मला काही पटेना, तिघांचा हात एकसारखाच कसा बिघडेल?

मग पिसं काढलेला एक बाण जवळून मारून बघितला, तो बाकीच्यांच्या बराच डावीकडे घुसला, म्हणजे काडी (बाणाची दांडी) धनुष्याच्या मानाने जास्त ताठ. सुटताना बाण थोडा वाकून धनुष्याला वळसा घालत जातो, ताठ असला की वाकतच नाही ना. नवीन बाण घेण्याआधी टोकं बदलली, १०० ग्रेन (वजनाचं छोटं माप) ऐवजी १५० ची, टोक जड असलं की काडी जास्त वाकते, आमचं दोघांचं तेवढ्यात भागलं. लेकीच्या २० पौंडी (ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्याला मात्र लवचिक काड्याच घ्याव्या लागल्या. प्लॅस्टिकची पाती काढून खरी पिसं चिकटवली, ती धनुष्याला घासली तरी दबून निघून जातात. दोरीला थोडा पीळ दिला तर आवाज पण कमी झाला.

आणि हो, घरात मुलं असतील तर बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नका, धनुष्य तडकतं.