साठीनंतर रोजची १५ मिनिटं: एक खुर्ची, एक ओटा, एक भिंत

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आईला सोफ्यावरून उठताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिने दोन्ही तळहात गादीवर रोवले, पुढे झोका घेतला, जमलं नाही, पुन्हा झोका घेतला आणि मग कशीबशी उभी राहिली. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. रोज अर्धा तास फिरायला जायची, साखर ताब्यात होती. आणि तरी हातांच्या आधाराशिवाय तिला बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं.

आपल्याकडे "मी रोज फिरायला जातो" म्हटलं की व्यायामाचा विषय संपतो. फिरणं चांगलंच, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना मांड्यांना फारसा जोर लावावा लागत नाही. स्नायू चाळिशीच्या आसपास हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्यातही जास्त झिजतात ते झटकन ताकद लावणारे तंतू. पाय अडखळला की दुसरा पाय चटकन पुढे टाकून आपल्याला सावरतात ते हेच. ते कमी झाले की बाथरूममध्ये नुसतं घसरण्यावर निभावत नाही, खुब्याचं हाड मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ वर्षांपुढच्यांना चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत.

आता वय झालं, आता काय स्नायू येणार, असं वाटत असेल तर एक उदाहरण सांगते. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या १० जणांकडून ८ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायू नव्वदीतही शिकतो, फक्त त्याला काम द्यावं लागतं.

आधी मोजा

हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची पक्की खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. हात छातीवर आडवे बांधा, शेजारी कुणाला तरी उभं करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात बाईला ११ आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं धरतात. आईचा आकडा ६ आला होता. आलेला आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा.

खुर्चीची उठबस

१५ मिनिटांतली निम्मी मी यालाच देईन. खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं, पाय पुढे पसरून उठायला गेलं की झोका घ्यावा लागतो. आता कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर आलं पाहिजे. टाचा जमिनीत दाबत, श्वास सोडत उठा. श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब चढतो.

खरा व्यायाम बसताना आहे. मनात चार आकडे मोजत सावकाश खाली या, अंग धपकन टाकू नका. असं ८ ते १० वेळा करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा एकदा तेवढंच करा. हातांशिवाय जमतच नसेल तर बैठकीवर घडी केलेली सतरंजी किंवा घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी करत चला. आईने दोन घड्यांवर सुरुवात केली होती. मांड्या दुसऱ्या दिवशी थोड्या दुखतील, ते चालतं. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र उंची पुन्हा वाढवा.

ओट्याशी

चहा उकळेपर्यंतचा वेळ पोटऱ्यांना द्या. गॅसपासून थोडं बाजूला, ओट्याच्या कडेला बोटं टेकवून दोन्ही टाचा उचला, चवड्यांवर क्षणभर थांबा आणि हळू खाली या. हे १५ वेळा करा. त्यानंतर तोल. एक पाऊल दुसऱ्याच्या बरोबर पुढे, टाचेला अंगठा लावून १० सेकंद उभे राहा, मग पाय बदला. हे सहज जमू लागलं की एका पायावर. डोळे, आतला कान आणि तळपायाची जाणीव या तिघांच्या जुळणीवर आपला तोल उभा असतो. मधुमेहात तळपाय बधिर होत जातात, म्हणून अशांनी ओटा कधीच सोडू नये.

भिंतीवरचे जोर

भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीला टेकवा. कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्या आणि ढकलून मागे या. १० वेळा पुरे.

शतपावली

रात्रीच्या जेवणानंतर लगेच टीव्हीसमोर बसू नका, पाच मिनिटं गॅलरीत किंवा घरातल्या घरात चाला. काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, त्यामुळे जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. आजी सांगायच्या ती शतपावली हीच.

स्नायू घडायला प्रथिनं लागतात. चहा-बिस्किटावर दुपार काढणाऱ्या आईला मी दही, उसळ, घट्ट वरण, अंडं यांतलं एक तरी प्रत्येक जेवणात घ्यायला लावलं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधीही विचारा. करताना छातीत दुखलं, गरगरलं किंवा बोलता येईना इतका दम लागला तर तिथेच थांबा. छातीतलं दुखणं लगेच गेलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पंधरा मिनिटं सलग मिळाली नाहीत तर सकाळी पाच, दुपारी पाच, रात्री पाच अशी करा, फळ तेवढंच मिळतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. एका वेळी १५ उठबशा सहज होऊ लागल्या की हातात लिटरभर पाण्याची बाटली छातीशी धरून करा, कारण सोपं झालेलं काम स्नायूला पुढे नेत नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा ३० सेकंद लावून मोजा. आईच्या कॅलेंडरवर ६ नंतर ७ आहे, मग पुन्हा ७, मग ९. चौथ्या महिन्याच्या चौकोनात ११ लिहिलंय, तिच्याच अक्षरात, दोनदा गिरवलेलं.