भाकरी नको, पीठ मोजा: वजन उतरवताना मापाच्या या चुका टाळा

महिनाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर खाणं मोजूनही माझं वजन ढिम्म हललं नव्हतं. काटा चांगला होता. चूक ही की मी तव्यावरची भाकरी मोजत होते आणि तेलाची पळी अंदाजानं ओतत होते.

भाकरीचंच आधी सांगते, कारण आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात ती रोज ताटात असते. भाजलेल्या भाकरीत पाणी किती उरलंय ते दर वेळी बदलतं, म्हणून तिच्या वजनावर हिशेब बसत नाही. पीठ मोजा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 350 कॅलरी. एका भाकरीला 50 ग्रॅम पीठ जात असेल असं मी धरून चालले होते. सासूबाई थापायला बसल्या तेव्हा पिठाचा डबाच काट्यावर ठेवला, ‘टेअर’ दाबून शून्य केलं आणि त्यांना नेहमीसारखं पीठ घ्यायला सांगितलं. काट्यावर आकडा आला वजा 92. म्हणजे एका भाकरीत मी जवळजवळ दीडशे कॅलरी कमी धरत होते, आणि भाकऱ्या खात होते दोन.

ही डबा ठेवून वजा बघायची पद्धत फार सोयीची आहे. वेगळं भांडं खरकटं होत नाही, थापणाऱ्याचा हातही अडत नाही. शेंगाच्या चटणीची बरणी, तेलाची बाटली, तुपाचा डबा, सगळं असंच मोजता येतं. चटणीला मात्र सूट देऊ नका. दाण्याच्या 100 ग्रॅममध्ये 560 च्या वर कॅलरी असतात, आणि आपण चटणी शिगोशीग चमच्यानं वाढतो, वर तेलाची धार सोडतो.

तेलाला मापाचा चमचाच हवा. मोठा चमचा 15 मिलीचा, लहान 5 मिलीचा. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी. घरातली फोडणीची पळी वापरायची असेल तर एकदा ती भरून पाणी घ्या आणि त्या पाण्याचं वजन करा. पाण्याचे जितके ग्रॅम तितकी मिली. माझ्या पळीत 40 मिली मावतं, आणि मी तिला ‘एक चमचा’ म्हणत होते! तेल मात्र पाण्यापेक्षा हलकं. लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहिलेलं असतं, तेव्हा काट्यावर तेल मोजताना ग्रॅमला मिली समजू नका.

कप पातळ पदार्थांसाठी ठेवा. पीठ दाबून भरलं की त्याच कपात कितीतरी जास्त मावतं. चिपट्या-मापट्यानं धान्य मोजणाऱ्या आपल्या आज्यांनाही शीग आणि सपाट यातला फरक पक्का ठाऊक होता.

भात? कच्चा तांदूळ मोजा, किंवा शिजलेला मोजून शिजलेल्याचाच आकडा धरा. 100 ग्रॅम तांदळाचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. शिजलेल्या वाटीला कच्च्या तांदळाच्या कॅलरी लावल्या तर माणूस उगाच उपाशी राहतो. पालेभाजी, काकडी, टोमॅटो मोजत बसू नका, त्यात जीव घालवण्यात अर्थ नाही. कुंदा मात्र चमच्यानं नको, काट्यावरच घ्या. आटवलेलं दूध आणि साखर, दिसायला एवढासा आणि वजनाला भारी.

आता काटाच चुकतोय असं वाटलं तर. प्लास्टिकच्या मऊ चादरीवर तो डुगडुगतो, सपाट कडप्प्यावर ठेवा. गरम पातेलं थेट ठेवू नका. पंखा वरून लागत असेल तर आकडा नाचतो. मध्येच आपोआप बंद पडला की शून्य पुसलं जातं, म्हणून डबा ठेवून गप्पांना लागू नका. एक-दोन ग्रॅम हळदीसाठी त्यावर विसंबू नका, पण पिठाला आणि तेलाला तो पुरेसा आहे. तरीही शंका असेल तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. फार फरक दिसला तर आधी सेल बदला, मग पुन्हा तीच नाणी ठेवून बघा.