वेग हवा की कुठेही चालणारा प्रोग्राम? भाषा अशी निवडा

आधी कागदावर यादी करा: प्रोग्राम नेमका कोणत्या मशीनवर चालायला हवा? विंडोजचा लॅपटॉप, लिनक्स सर्व्हर, एआरएम प्रोसेसरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, जे असेल ते. ही यादी हातात नसेल तर सी की पायथन हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मग वेळ कुठे जातो ते मोजा. पायथनमध्ये छोटा नमुना लिहा आणि पायथनसोबतच येणाऱ्या सीप्रोफाइल (cProfile) या वेळ मोजणाऱ्या साधनाने तपासा. प्रोग्राम बहुतेक वेळ नेटवर्कची किंवा डिस्कची वाट पाहत बसत असेल, तर पायथनच ठेवा. भाषा बदलून फारसं काही हाती लागणार नाही. आकडेमोड जड असेल, तर ती नमपाय (NumPy) या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीकडे सोपवून बघा. नमपायचा गाभा सीमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे मोठ्या अ‍ॅरेवरचा लूप पायथनमध्ये फिरतच नाही. पण तो सीचा भाग प्रत्येक सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करावा, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून घ्यावा लागतो. तुमच्या यादीतल्या प्रत्येक मशीनसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं का, हे आत्ताच बघून घ्या.

एवढ्यानेही भागलं नाही, तरच तेवढा जड भाग सी किंवा रस्ट या थेट कंपाइल होणाऱ्या भाषेत लिहा. अख्खा प्रोग्राम नव्हे.

सीमध्ये एकदा लिहिलं की ते कुठेही सारखंच चालतं, हा गैरसमज मला फार खटकतो. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (गाभा) सीमध्ये नव्याने लिहिला गेला आणि पुढे तो इतर मशीनवर नेणं सोपं झालं, हे खरंच. पण कोड सगळीकडे कंपाइल झाला म्हणजे सगळीकडे सारखा वागेल असं नाही. सीमधला ‘लाँग’ (long) हा पूर्णांकाचा टाइप ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. अक्षरासाठीचा नुसता ‘कॅर’ (char) इंटेलच्या प्रोसेसरवर सहसा ऋण आकडे घेतो, एआरएम लिनक्सवर सहसा घेत नाही. म्हणून आकार आणि चिन्ह ठरलेले टाइप वापरा, जसं int32_t. वेगासाठी एव्हीएक्सच्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) खास सूचना घातल्या, तर एआरएमसाठी दुसरा मार्ग लिहावाच लागेल.

हा त्रास नको असेल तर गो (Go) ही भाषा बघा: सीच्या लायब्ररी नसतील, तर लॅपटॉपवरूनच रास्पबेरी पायसाठी फाइल बनते. जावाला प्रत्येक मशीनवर जेव्हीएम (जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं, सुरू व्हायलाही वेळ लागतो. सतत चालणाऱ्या सर्व्हरला त्याचं काही वाटत नाही.

शेवटी यादीतल्या सर्वांत जुन्या मशीनवर चालवून बघा. नव्या लिनक्सवर बांधलेला सीचा प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर (लिनक्सची सीची मूळ लायब्ररी, glibc) अनेकदा सुरूच होत नाही, म्हणून बिल्ड जुन्या लिनक्सवरच करा.