शाम्पू बार घेतलाय? मग या चुका टाळा

बाटलीतला शाम्पू सोडून मला चार वर्षं झाली, आणि ही गोष्ट नात्यात आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना माहितीये. त्यामुळे कुणीही शाम्पू बार (साबणासारखी शाम्पूची वडी) घेतला की पंधरा दिवसांत मला मेसेज येतोच, "ताई केस चिकट झालेत गं, हे असंच असतं का?" असंच नसतं. दरवेळी त्याच त्या चुका असतात, आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

साबणाला शाम्पू समजणे

ही सगळ्यात मोठी. मागच्या मे महिन्यात भाची आमच्याकडे आली होती, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची हळद. ऑनलाईन मागवलेली "हँडमेड, नॅचरल, पाणी वाचवणारी" वडी सोबत, वर सुकलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवलेल्या, दिसायला एकदम भारी. आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी, म्हणजे किती जड ते विचारू नका, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात. पोरगी अर्ध्या तासाने बाहेर आली ती रडवेली होऊन. केस असे झालेले की मेणबत्ती वितळवून ओतलीये. परत धुतले, अजून चिकट. मग मी शहाणपणा केला, म्हटलं लिंबू पिळू, आणि फेस नीट न काढताच पिळला. झालं, वर तेलकट थर पण आला. शेवटी घरातल्या साध्या शाम्पूने दोनदा धुतल्यावर सुटलं. अडीच बादल्या गेल्या, पाणी वाचवणाऱ्या वडीपायी, आणि त्या दिवशी टँकर पण आला नव्हता.

कारण साधं आहे. ती वडी म्हणजे अंगाचाच साबण होता. साबण आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र आलं की न विरघळणारा साका तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो ना तोच, तो केसांवर बसतो. त्यात साबणाचा पीएच ९-१० च्या घरात, डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास, म्हणून केस खरखरीत पण होतात. आणि साबणावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतलं की आम्लाने साबण फुटतो आणि त्यातलं तेलकट आम्ल सुटं होतं, माझं तेच झालं.

म्हणून घेताना पाकळ्या नका बघू, मागची यादी वाचा. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिवेट असं काही पहिल्या नंबरला असेल तर तो साबण. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असेल तर तो खरा शाम्पू बार, त्याला जड पाण्याचा फारसा फरक पडत नाही. नावं तोंडात बसत नाहीत मान्य आहे, फोटो काढून ठेवा. यादीच छापली नसेल तर वडी परत ठेवा.

आणि ते "केस डिटॉक्स होतायत, दीड महिना धीर धरा" हे जे विकणारे सांगतात ना, त्याने माझं डोकंच फिरतं. कसलं डिटॉक्स, साका बसलाय तो. बरं, बाकी कशाला धीर नसणारी माणसं नेमकी इथे दीड महिना धीर धरतात.

वडी थेट डोक्यावर घासणे

केस गुंततात आणि वडी महिन्यात संपते. ओल्या तळहातावर पाच-सहा वेळा फिरवा, तो फेस मुळांना लावा, पुढच्या केसांना उतरणारा फेस पुरतो.

बार आणला म्हणजे पाणी वाचलं असं वाटणे

बाटलीतल्या शाम्पूत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते बारमध्ये नसतं, वाहतुकीचं वजन आणि प्लॅस्टिक वाचतं, इथवर खरं. पण तुमच्या बाथरूममधलं पाणी त्याने आपोआप कमी होत नाही. शॉवर मिनिटाला आरामात ८-१० लिटर सोडतो आणि तुम्ही तो चालू ठेवून फेस करता, मग बार काय करणार बिचारा. माझी सवय अशी की आधी कोरड्या केसांचा गुंता काढायचा, गीझरचं गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरायचं (आमच्याकडे पाऊण बादली निघते, लादी पुसायला जाते), आणि डोकं तांब्याने धुवायचं. खांद्यापर्यंतचे केस अर्ध्या बादलीत होतात. लांब केसवाल्यांनी पाऊण धरा.

आणि पाणी वाचवायला ड्राय शाम्पू (कोरड्या केसांवर मारायची पावडर) मारणं म्हणजे धुणं नाही. ती पावडर तेल शोषते, मळ तिथेच. एखाद्या दिवसाची सोय आहे.

वडी पाण्यात ठेवणे

डबीत ओली बंद केली की लगदा, पावसाळ्यात तर हमखास. वाळलेल्या घोसाळ्याचा तुकडा कापून त्यावर ठेवा, पाणी निथळतं. मी वडी सुरीने दोन तुकडे करूनच वापरते, अर्धी कपाटात कोरडी राहते.

रिफिलमध्ये पाणी घालणे

ही चूक बार न घेता रिफिल आणून बाटली भरणाऱ्यांची. बाटली संपत आली की पाणी घालून खळखळवणं ही आपली राष्ट्रीय सवय. त्याच दिवशी वापरणार असाल तर ठीक. पण आमच्या एका नातेवाईक काकूंनी रिफिल आणल्या आणल्या निम्मं पाणी घालून "दुप्पट" केली, तेही बोअरचं. कंपनीने टिकण्यासाठी घातलेलं औषध ठरावीक प्रमाणात असतं, ते पातळ झालं. महिन्याभरात झाकणाखाली काळी बुरशी आणि वास. सगळं मोरीत. रिठ्याचं पाणी घरी उकळता त्याचंही तेच, फ्रीजमध्ये चार दिवस, पुढे नाही.

पॅकिंगवरचं हिरवं पान बघून भुलणे

यात मीही फसलेय. "कंपोस्टेबल" लिहिलेलं पाकीट मी बाल्कनीतल्या खताच्या कुंडीत पुरलं, आठ महिन्यांनी उकरलं तर त्यावरचं नाव वाचता येत होतं. त्यातली बरीचशी पाकिटं मोठ्या प्रकल्पात, ५०-६० अंशांच्या उष्णतेतच मोडतात, आपली कुंडी एवढी कुठली तापते.

रिफिल पाऊच पण नीट बघा. बाटलीपेक्षा प्लॅस्टिक कमी लागतं हे खरं, पण बहुतेक पाऊच दोन-तीन थरांचे, ते वेगळे होत नाहीत. मी सात पाऊच धुऊन, वाळवून भंगारवाल्याला दिले, त्याने पिशवी न उघडताच परत दिली. तोच माणूस त्रिकोणात २ नंबर असलेली जाड बाटली मात्र किलोवर घेतो. शाम्पूच्या एक रुपयाच्या पुडीची गत पाऊचसारखीच. पंपाच्या आत धातूची स्प्रिंग असते, म्हणून पंप काढून ठेवा आणि पुढच्या बाटलीला तोच लावा, माझा एक पंप तीन वर्षं चाललाय. बार घ्यायचा तर साध्या कागदातला घ्या.

बार ठेवायची ॲल्युमिनियमची डबी घ्यायची तर फक्त पहिल्यांदा. दरवेळी नवी डबी मागवणाऱ्यांना मी विचारते, मोहरी, जिरं, मेथ्या, हिंग भरून झालं, आता पाचवीत काय?